एकतीस नंबरचं टोकन

कुंभिवली,
बुधवार

प्रिय समीक्षा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते फाडायला घेतलं असशील. फाड, पण वाचून फाड. तू माझा फोन उचलत नाहीस ते बरोबरच आहे, तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. तीन आठवडे झाले तू रियाला घेऊन कोंडाण्याला माहेरी गेलीस त्याला. इथे कुणाचं काही अडलेलं नाही असं सगळे एकमेकांना सांगत असतात. साईनाथ भावजी माझ्याकडेच जेवतात आणि आमटी ओरपता ओरपता रोज सांगतात की तुझं डोकं जरा जास्तच गरम आहे. कंपनीत म्हणे चाळीस माणसं यांच्या हाताखाली आहेत, पण घरात स्वतःचं ताट मोरीपर्यंत न्यायला हात नाही. आमचे संतोषराव टेंपोला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला ज्ञान वाटतात. आणि सासूबाईंनी तुझ्या खोलीत कांदे पसरलेत. मी एकदा म्हटलं, ती परत येईल तेव्हा? तर म्हणाल्या, ‘येल तवा उचलू, कांदं काय पळून जात नाय.’

आज वाल भिजवले होते. सोलायला एकटीच बसले आणि दोन मूठ वाल सोलायला तास लागला. तू असायचीस तेव्हा बोलता बोलता पातेलं भरायचं. हात रिकामा नव्हता पण डोकं मोकळं होतं, म्हणून ते शिबिर पुन्हा पहिल्यापासून आठवत बसले.

मला त्या शिबिराचा पहिल्यापासून तिटकारा होता. हायवेवरच्या कुठल्याशा कंपनीने खर्च केला, मंडळाने मंडप दिला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून तपासणी ठेवली आणि बॅनरवर बारा पुरुषांचे हात जोडलेले फोटो. शिबिर बायकांच्या आजाराचं आणि बॅनरवर बाई औषधालासुद्धा नाही. माइकवाल्याला तर तो शब्दच उच्चारवेना. स्तन म्हणायला काय त्याच्या जिभेला चटका बसणार होता? घसा खाकरत तो ‘महिलांच्या छातीचा विशेष आजार’ एवढंच म्हणत राहिला, आणि आपल्या सासूबाई दहा वर्षांपूर्वीच्या खोकल्याचा एक्स-रे पिशवीत घालून हजर झाल्या. निम्म्या बायका वाणाच्या प्लास्टिक टबासाठी आल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मीही टबासाठीच आले होते.

तू मात्र खरंच तपासून घ्यायला आली होतीस. सकाळीच जाऊन वहीत नाव लिहून टोकन घेतलंस, एकतीस. मी भाकऱ्या उरकून आले, मला मिळालं अडतीस. वहीत नाव, वय आणि समोर नंबर, त्यापुढे सगळा कारभार नंबरावरच, पडद्यामागून नुसता नंबर पुकारायचे. एकतीस पुकारला, तू उठलीस आणि सासूबाईंनी तुझा पदर धरला. ‘थोरली भाईर बसलीय आनि तू आत चाललीस? लोकं काय म्हनतील गं?’ पंगत असो, ओटी भरणं असो, आपल्याकडे थोरली आधी. तू तुझं टोकन माझ्या हातावर ठेवलंस, माझं घेतलंस आणि पुन्हा सतरंजीवर बसलीस. मी मान ताठ करून आत गेले. एकोणीस वर्षं तुझ्यावर थोरलेपणा गाजवला, तो ब्लाउजचे हुक काढायच्या रांगेतही मला सोडवला नाही.

आत एक तरुण डॉक्टरीण होती, गार हातांची. सात नंबरांनी तू आत गेलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, काही नाही हो ताई, दोन मिनिटांत सोडलं. मी म्हटलं, मलाही. मग आपण एकात एक टब घालून घरी आलो.

आठवड्याने आरोग्य केंद्राची आशाताई, प्राची, कार्डं घेऊन आली. माझ्या नावाच्या कार्डावर ‘सर्व ठीक’. तुझ्या नावाच्या कार्डावर ‘डाव्या बाजूस गाठ, पुढील तपासणी त्वरित’. तू ते तीनदा वाचलंस आणि म्हणालीस, पण त्या बाई मला तर काहीच बोलल्या नाहीत. त्यावर मी म्हटलं होतं, ‘तोंडावर सांगत नाहीत गं त्या, माणूस घाबरतं.’ हे वाक्य लक्षात ठेव.

मग आपल्या घराने जे दिवे लावले ते तू भोगलेस, मी बघितले. भावजींना सुट्टी मिळायला बारा दिवस लागले. याच माणसाला मित्रांबरोबर एकवीरेला जायला अर्ध्या तासात सुट्टी मिळते. आमच्या संतोषरावांनी निकाल दिला की चाळिशी उलटली की बायकांना असलं काहीतरी होतंच. जसं काही यांनी ती स्वतः बाई होऊन उलटून बघितली होती. बघायला येणारी प्रत्येक बाई तुझ्या तोंडाकडे न बघता गळ्याखाली बघून बोलत होती. एकीने लेप आणला, एकीने विचारलं की मुलीला किती दिवस पाजलं होतंस, एकीने सांगितलं की घट्ट कपडे घातल्याने होतं. ज्यांना स्वतःच्या अंगाचं नाव घेता येत नाही त्या तुझ्या अंगाची चिकित्सा करत होत्या. आणि सासूबाईंनी तुझा चहाचा कप वेगळा काढला, खिडकीत, पालथा. गाठ काय उष्ट्याने लागते? मी हे त्यांना विचारायला हवं होतं. मी तो कप रोज विसळला आणि रोज खिडकीतच पालथा घातला.

पनवेलला निघालीस त्या सकाळी तू बांगड्या काढून माझ्या हातात दिल्यास. म्हणालीस, ताई, काही निघालं तर रियाकडे तुम्ही बघा, तिच्या बापाला तिची इयत्तासुद्धा ठाऊक नाही. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, तुला काही होणार नाही. संध्याकाळी परत येऊन तू मला सगळं नीट सांगितलंस. मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, श्वास धरायला लावतात, डोळ्यांत पाणी येतं पण मिनिटभरच, आणि आतली बाई चांगली आहे, हात धरते. चार दिवसांनी रिपोर्ट आले. मशीनच्या फोटोत काही नाही, सोनोग्राफीत काही नाही, दोन्ही बाजू स्वच्छ.

दुसऱ्या कुठल्या घरात देवापुढे साखर ठेवली असती. आपल्या घरात टिंगल झाली. भावजी दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर मोबाइलवर क्रिकेट बघत बसले होते, ते गावभर सांगत सुटले की बायकोच्या वहमापायी दोन रजा फुकट गेल्या. आणि त्या दुपारी ओटीवर आपण वाल सोलत होतो, शेजारणी होत्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या धाकटीची गाठ पनवेलचा हायवे बघून विरघलली.’ सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. तू मान वर करून फक्त माझ्याकडे बघितलंस, हात धुतलेस आणि बॅग भरलीस. त्यांच्याकडून तुला अपेक्षा नव्हती, माझ्याकडून होती, म्हणून तू गेलीस. हे मला तेव्हाही कळलं होतं.

इथपर्यंत मी सगळ्यांना नावं ठेवली, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. पण या घरातलं सगळ्यांत हलकट माणूस कोण ते अजून लिहायचं राहिलंय, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. शिबिरात आत गेल्यावर त्या डॉक्टरणीचा हात माझ्या डाव्या बाजूला काखेजवळ थांबला. पुढे गेला, परत आला. तिने विचारलं, हे कधीपासून आहे? मी म्हटलं, काय? तर तिने माझंच बोट धरून त्यावर ठेवलं. भिजवलेल्या वालाएवढी आहे, समीक्षा, कडक, हलत नाही. माझ्या हातातलं टोकन बघून तिने कागदावर एकतीस लिहिलं आणि म्हणाली, मावशी, कार्ड आलं की लगेच तपासून घ्या. प्राचीने कार्डं दिली तेव्हा ओटीच्या पायरीवरच मला कळलं की काय झालंय. वहीत एकतीससमोर तुझं नाव होतं. तू वाचत होतीस आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं झालं. कागदावर तुझं नाव आहे म्हणजे ती तुझीच असेल, असं मी स्वतःला पटवलं. मग तुझा कप खिडकीत गेला, त्या बायकांच्या नजरा बघितल्या आणि माझी जीभ उचललीच नाही. तुला काही होणार नाही, हे त्या घरात खात्रीने सांगू शकणारी मी एकटीच होते, आणि तरी तुला रियाची निरवानिरव करू दिली. ओटीवर मोठ्याने हसले ते भीतीने. तुझा रिपोर्ट स्वच्छ याचा अर्थ काय, ते फक्त मला माहीत होतं. दोन महिने झाले, आंघोळ करताना मी डाव्या बाजूला साबण लावलेला नाही.

माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. सोमवारी पनवेलची वेळ घेतली आहे, स्वतःच्या नावाने, स्वतः फोन करून. तू नाही आलीस तरी मी जाणार. निघायच्या आधी सासूबाईंच्या, भावजींच्या आणि आमच्या संतोषरावांच्या तोंडावर सगळं सांगणार आहे, आणि खिडकीतल्या तुझ्या कपात चहा ओतून त्यांच्यासमोर पिणार आहे. पण मला भीती वाटते गं. ते मशीन, ती खोली, हात धरणारी ती बाई, हे सगळं घरात तुला एकटीलाच माहीत आहे. सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला मी चौक गावच्या एसटी स्टँडवर उभी असेन. तुझ्या बांगड्या रुमालात बांधून आणते. पाकिटात माझ्या नावाचं कार्ड घातलंय, ‘सर्व ठीक’वालं. ते तुझं आहे. तुझ्याकडे आहे ते माझं, डॉक्टरांना दाखवावं लागेल, तेवढं घेऊन ये.

तुझीच म्हणायला तोंड नाही, तरी तुझीच,
सुंदरा