नाकाची पारख

९ ऑगस्ट १९८५
पोचलो बुवा एकदाचा! नावाडी मुखरूभाऊनं डोंग्यातून नदी पार करून दिली, वर ट्रंकही खांद्यावर टाकून गोदामापर्यंत आणली. राजुऱ्याच्या कोळशाच्या धुळीनंतर हे हिरवंगार गाव म्हणजे चैनच! तेंदूपानांचा पारखी मी, पानं झटकायला बायनाबाई. माझी खोली गोदामाला लागूनच आहे. बायकोनं, कांतानं, इन्सुलिनच्या बाटल्या दिल्यात. त्या ओल्या रेतीच्या मडक्यात ठेवल्या. शुगर आहे म्हणून काय माणसानं नोकरी करू नये?

१२ ऑगस्ट
पोत्यांना ओल लागलीय. आमच्या धंद्यात ओलावलेलं पान नाकानं पारखतात. पानांचा पुडका सोडायचा, नाक खुपसायचं, खोल श्वास घ्यायचा. कुबट वास आला की बाजूला. आज बुरशीचा भपकारा थेट नाकात गेला, शिंका थांबेनात. बायनाबाई म्हणे, भाऊ, पान हुंगून राह्यले का खाऊन राह्यले? मीही हसलो. पण माझ्यासारखं नाक अख्ख्या जिल्ह्यात नाही, हे सांगून ठेवतो.

१६ ऑगस्ट
ताप. भाताकडे बघवत नाही. पोटात अन्न नाही तर सुई कशाला? उपाशीपोटी टोचली तर शुगर पार उतरायची, चक्कर यायची. बंद केली. नदीला पूर आलाय, मुखरूनं डोंगा काठावर उलटा घातला.

१९ ऑगस्ट
डावा गाल सुजला. डोकं त्याच बाजूनं ठणकतं. नाकातून काळं आलं, पानाची धूळ असेल. दोन-दोन बायनाबाई दिसतात; एकच पुरे होती! तहान, नुसती तहान. सुई पुन्हा सुरू केली.

२० ऑगस्ट
डावी पापणी उघडत नाही. बोटांनी उचलली. आत डोळा आहे, उजेड नाही. काल दिसत होतं हो! तोंड उघडून आरशात पाहिलं, आत टाळू काळी पडलीय. मी घाबरलोय. मुखरूच्या पाया पडलो. तो म्हणे, आता डोंगा टाकला तर तुमीबी जासान न मीबी, पाणी उतरू द्या. पलीकडच्या रस्त्यानं एसटी गेली. एका डोळ्यानं बघत बसलो.

२१ ऑगस्ट
वास येत नाही. कशाचाच. ती बुरशी नाकातून वर चढतेय, मला कळतं. सुई बंद केली, शुगर भडकली, तिथंच माती खाल्ली मी. उजवा डोळा शाबूत आहे. रोज एक ओळ लिहीन. वाचता आली म्हणजे डोळा आहे.
आली.

२२ ऑगस्ट
पाणी उतरून राह्यलं, म्हणतो मुखरू. उद्या नेतो म्हणे दवाखान्यात. ओळ धूसर— वाचली. वाचली. कांता, एवढा उजवा तरी राहू दे गं—

२३ ऑगस्ट
मुखरू आला. दारात हाका मारतोय. ऊन पडलं म्हणे. आधी ओळ, मग उठतो—
उमटत नाही. शाई संपली. बायनाबाईला म्हटलं पेन भरून दे. ती रडते. म्हणे, भाऊ, कागद निळाच निळा झाला, थांबा आता—
खोटं बोलते. पेन कोरडं आहे. हे बघ, ओढतो, काहीच—