दोन रेषा, एक सौना

२ नोव्हेंबर
चौतीस देशांचा ग्राफ पूर्ण. आडवी कमाई, उभा धूर. बहुतेक देश कमावू लागले की धूर वाढतो. आमच्या फिनलंडची मात्र कमाई वर, धूर खाली. कुणी शिकवलं नाही, लायब्ररीत बसून शिकलो. जानेवारीत तिथेच माझं लेक्चर. पुरावा म्हणून पस्तिसावा देश: आमचं घर.

३ नोव्हेंबर
आजपासून घरची सौना, ती लाकडं जाळून तापवायची वाफेची खोली, बंद. सरकार लाकडाचा धूर हिशेबात धरत नाही, मी धरतो. कमाई भक्कम: बायको काइसू नर्स आहे, तिचा पगार वाढला. पेपर मिल बंद पडल्यापासून माझा नाही. तपशील गौण.
काइसू म्हणाली, बाबा रे, काय करायचं ते कर, पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपली सौना तापली पाहिजे. सव्वीस वर्षं तापतेय. नाही तापली तर मी ओउलूला ताईकडे, कायमची.
हिवाळ्यात ती असं बोलते.

८ नोव्हेंबर, शनिवार
शेजारी ओइवाकडे सौना. वाफेत बसून म्हणाला, वा रे उर्पो! धूर माझ्या चिमणीतून आणि शाबासकी तुझ्या वहीला! समजावलं: धूर जिथून निघतो त्याच्याच नावावर लागतो, देशही असंच मोजतात. म्हणाला, मग तुझ्या देशाला सांग, पुढच्या शनिवारी लाकडं घेऊन ये.
त्याचं वाचन कमी.

३० नोव्हेंबर
धूर ३८.४ टक्के खाली. काइसू गाडीने कामावर जाते, तो धूर हॉस्पिटलचा. हीटर पंधरा अंशांवर. ती लोकरी टोपी घालून जेवते. म्हणाली, महाराज, तुमच्या देशात थंडी फार. हसलो. ती नाही.

२३ डिसेंबर
काइसूने सौनाच्या दाराशी लाकडं रचून ठेवलेली. वर काड्यापेटी. लाकडं मोजली (चौदा), परत ढिगात लावली. लेक्चरआधी आकडे हलवता येत नाहीत.

२४ डिसेंबर, सकाळी ९.१०
गेली. टेबलावर किल्ली. धूर एकदम निम्म्यावर.

सकाळी ११
कमाईची रेषा काढली. पगार तिच्याबरोबर गेला. दोन्ही रेषा एकत्र खाली. पट्टी बदलून पुन्हा काढल्या. तशाच.

दुपारी ४
अंधार. ओइवाकडे लेकी-नातवंडं आलीत, चिमणी धूर सोडतेय. आज सौनात फक्त घरचेच असतात. चौदा लाकडं पुन्हा दाराशी आणली. काड्यापेटीही.
पण एकट्यासाठी सौना तापवली तर दरडोई आकडा दुप्पट येतो.