दुपारची शिट्टी

प्रिय धाकट्या,

तुझ्या बायकोचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठडा धरते ना? लेकीचा हलणारा दात पडला का? सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी एव्हाना निघाली असेल. तुझी चौकशी मुद्दाम मागे ठेवली आहे, ती शेवटी करते.

इकडे माझं शिलाई मशीन आणि मी, दोघंही कुरकुरत चालतो. दादाचं मात्र ठीक नाही. आंघोळ करून आला की धाप लागते, अंग पुसायचंही बळ उरत नाही, नुसता स्टुलावर बसून राहतो. वहिनीला म्हणतो, "मला काही झालं नाहीये, हल्ली पाणीच जड येतंय." आम्ही हसतो, आणि मग कोणी कोणाकडे बघत नाही.

त्याने जन्मात सिगारेटला हात लावला नाही, तरी फुप्फुसं झिजलेली, म्हणून डॉक्टरीणबाईंना शंका आली आणि त्यांनी रक्त तपासलं. मला आधी काही उमजेना, मग त्यांनी उलगडून सांगितलं. छातीत धूळ किंवा जंतू गेले की शरीरातले सफाईवाले धावून येतात आणि एक तिखट रस सोडून सगळं घासून काढतात. त्यांना "बास आता" म्हणणारं एक द्रव्य यकृतात तयार होतं. दादाच्या यकृतात ते वेडंवाकडं बनतं आणि बरंचसं तिथेच अडकून बसतं. छातीपर्यंत फारसं पोचतच नाही. मग काय, घासणारे घासतच राहतात. मळ निघाला तरी हात थांबत नाही, पातेल्यालाच भोक पडतं. फुप्फुसाची लवचीक जाळी अशी विरत जाते आणि आत घेतलेला श्वास धड बाहेर पडत नाही.

हे द्रव्य कसं बेतायचं याचे दोन कागद आपण जन्मतःच घेऊन येतो, एक आईचा, एक वडलांचा. दोन्ही चुकीचे आले की दादासारखं होतं. मीही तपासणीला रक्त दिलं. माझा एक कागद धड निघाला, म्हणून मी वाचले.

तेव्हापासून अण्णाच डोळ्यांसमोर आहेत. त्यांना दम लागला की आई त्यांचे खिसे हुंगायची, चोरून ओढता म्हणून भांडायची. ते बिचारे नुसते हसायचे. दुपारी जेवून आडवे झाले की त्यांची छाती शिट्टी वाजवायची, आणि तू रुमाल हलवत ओरडायचास, "गाडी सुटली!" आपण पोट धरधरून हसायचो.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. हसत हसत सांगत होती, हल्ली दुपारी तुझा डोळा लागला की लेक रुमाल घेऊन उशाशी उभी राहते म्हणून. मीही हसले रे. फोन ठेवला आणि मला सुईत दोरा ओवता येईना. कारखान्यातल्या त्या लाकूड घासायच्या खोलीतून आधी बाहेर पड, मालकाला काय सांगायचं ते सांग. सिगारेट टाक. आणि रक्त देऊन ये. गेलेलं फुप्फुस परत येत नाही म्हणतात, पण उरलेलं राखता येतं. आता तुझी चौकशी करते: जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतोस? खरं लिही, आणि आजच लिही.

तुझीच,
ताई