बंद शाखेतला चारचा पेशंट

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

आजही दुपारी चार वाजता नव्या शाखेतून बटण दाबलं गेलं. आपल्या श्रवणतपासणी केंद्राच्या तपासनीस बाईंनी तसं सहीनिशी लिहून दिलंय. शाखा अजून उघडलेली नाही आणि तिची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात आहे. बाकी इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का?

झालं असं. दोन्ही शाखांची यंत्रं जोडायला आईनं (घरी आई, इथे मालकीण, रागावताना दोन्ही) मला व्हीपीएन राउटर आणायला लावला. म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून आपली एक खासगी बोळ. बोळ झाली, पण तुम्ही बसवलेली फायरवॉल कुणाला आत सोडीना. अगदी तुमच्यासारखी दारात खुर्ची टाकून बसलेली: कोण, कुठले, काय काम? मी तिला राउटरपुरती फट ठेवायला सांगायला हवं होतं. तीन तास डोकं खाऊन शेवटी कंटाळलो आणि ‘येईल त्याला येऊ दे’ करून टाकलं. (हे तुमच्या ताईला कळू देऊ नका.)

मग बाईंनी दुपारी चारला चाचणी घेतली. त्या इकडून बारीक आवाज सोडतात, पेशंटला तिकडे ऐकू आला की तो बटण दाबतो. तिकडची खोली रिकामी होती. यंत्र चालतं का, एवढंच पाहायचं होतं. बटण दाबलं गेलं. बाई आवाज कमी करत गेल्या, बटण चुकेना. घाबरायचं सोडून बाई खूश! ‘बावीस वर्षांत असा कान पाहिला नाही हो!’ तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाज बंदच केला आणि नुसतं मनात म्हटलं, दाब. दाबलं. तेव्हापासून त्यांची खुशी गेली.

तारेत दोष असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. किल्ली घेऊन गेलो. खोली स्वच्छ, खुर्चीवर प्लास्टिक तसंच, हेडफोन आणि बटण अजून सीलबंद खोक्यात. परत येऊन काल राउटरची वायर उपटली. आजचं वर लिहिलंच आहे.

सोमवारी शाखा उघडायची आहे. तोवर हे थांबलं नाही तर बाई नोकरी सोडणार, आणि बाई गेल्या की आपलं केंद्र म्हणजे नुसत्या खुर्च्या.

मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. : खरं काम असं की उद्या दुपारच्या आत या आणि फायरवॉल होती तशी करून द्या. मी पासवर्ड बदलला होता, तो आठवत नाही. तिच्या जुन्या नोंदी मात्र केंद्राच्या संगणकात उतरलेल्या सापडल्या, त्या चाळल्या. सहा वर्षं रोज चार वाजता कुणीतरी दार ठोठावतंय आणि ती नाही म्हणतेय. मामा, तुम्ही दर आठवड्याला या नोंदी बघायचात. एकदा तरी बोलायचं होतं!

ता. क. २ : पाकीट चिकटवून माणसाहाती तुमच्याकडे धाडणार तोच बाईंनी हाक मारली. उद्या चारची तपासणी आपोआप नोंदली गेली आहे. या वेळी आवाज तिकडून येणार, बटण इकडे. पेशंटच्या रकान्यात माझं नाव आहे, वयही बरोबर आहे.