कोरडी कुंडी

चाकूर, मंगळवार संध्याकाळ

बटाट्याच्या दोन्ही कुंड्या आठवडाभर कोरड्या ठेवल्या. एकीवरच नांदेडच्या कॉलेजातल्या सरांनी दिलेलं, पाण्याविना तग धरायचं हार्मोन फवारलं. झाडं स्वतःही बनवतात ते स्टेरॉइड. तरी दोन्ही झाडं ताठ! मग फवारून उपयोग काय? माझी नुसती चिडचिड. शेवटी आई म्हणाली, "त्याला तू दवा दिलास, ह्याला काय बी न्हाई. मी माझं तोंड धुयाचं पाणी ह्यालाच घालत होते."

आमचा जिल्हा वेगळा, नवा झाला, पण पाणी अजून टँकरचंच. त्यातलं तिच्या वाटचं! म्हणजे आठवडाभर तिनं तोंडच धुतलं नव्हतं.

ओरडणारच होतो. मग डोक्यात प्रकाश पडला. फवारलेल्याला थेंबही मिळाला नव्हता, तरी ते ताठ! चिमूटभर हार्मोनची काय ही ताकद!

प्रयोग पुन्हा करायचा. पण कोरडी कुंडी घरात नको. आईनं तोंड धुवायला हवं.