बाहेरून कुलूप

३ नोव्हेंबर, सोमवार
मिष्टूच्या तळपायाची तीट आजही जशीच्या तशी. सकाळी आठला मी काजळ लावून दिलं. संध्याकाळी सहाला सून तिले झूलाघरातून, म्हणजे पाळणाघरातून, घेऊन आली, तरी टिकलीएवढी काळी, गोल, कोरलेली. अडीच वर्षाची पोट्टी. दहा तासात तिचा पाय जमिनीले लागत नाही? घरी असली तं तासाभरात पुसून जाते.
सुनेले दाखवलं. म्हणे, "अच्छा काजल होगा, आई." बिलासपूरच्या माहेरी मराठी बोलायला शिकवलं नाही. पाहायलाही शिकवलं नाही वाटते.

४ नोव्हें., मंगळवार
डायपरच्या पट्टीवर पेनाची रेघ मारून पाठवली होती. रेघ परत आली. म्हणजे सकाळचंच डायपर, दिवसभर. मांड्या सोलून निघाल्या. खोबरेल लावलं तं ती ओरडली नाही, दात दाबून पडून राहिली. हेच मले आवडलं नाही. लेकरानं ओरडायले पाहिजे.
विजूले सांगितलं. म्हणे, आई, तू पोलिसात पाहिजे होतीस. मी म्हटलं, अन् तू बाप पाहिजे होतास. ताटावरून उठून गेला. पोळ्या वाचल्या.

६ नोव्हें., गुरुवार
गुडघा जास्त. शेक घेतला.
एक गोष्ट लिहून ठेवते. झूलाघर मीच धुंडलं. सून तिच्या नवा रायपुरातल्या ऑफिसजवळ ठेवू म्हणत होती. मी मोडता घातला. तिथल्या बाया कोण, काय खाऊ घालतील, कोणत्या भाषेत दटावतील. हे झूलाघर चालवणारी वैशाली आपल्यातली. तिच्या सासूले मी चाळीस वर्षांपासून ओळखते. हळदीकुंकवाले तिच्या हातची पुरणपोळी खाल्ली, एवढ्यावर लेकरू देऊन टाकलं. पुढची खोली पाहिली, गणपतीची तसबीर पाहिली, मागं गेली नाही. भेंडी घेताना तरी मी एक मोडून पाहते.
अन् मी सांभाळणार नाही हेही मीच सांगितलं होतं. तीन वाढवले, पुरे. बोलली ती बोलली.

१० नोव्हें., सोमवार
मिष्टूचं खोकल्याचं औषध घरीच राहिलं. मी घेऊन गेली, ब्राह्मणपाऱ्यातून तलावाच्या बाजूनं, पायी. पोचली तेव्हा पावणेएक. वैशालीच्या दाराले बाहेरून कुलूप.
वाटलं, आज सुट्टी. तेवढ्यात आतून रडणं आलं. एकाचं नाही, चार-पाच जणांचं.
खिडकीले फट होती. टीव्ही सुरू. कठड्याच्या पलंगात तीन, बाकी सतरंजीवर. मिष्टू लेकरांच्या जेवायच्या उंच खुर्चीत, पोटाले पट्टा, मान खाली. मोजले, अकरा. मोठं माणूस एक नाही. पलीकडच्या ओट्यावर कुकर ठेवलेला. खाली गॅस सुरू होता का बंद, ते दिसत नव्हतं.
हाका मारल्या. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली केली. आजीले पाहून लेकरू रडते. ही रडली नाही.
पायरीवर बसून राहिली. सव्वाएकले वैशाली स्कूटीवर आली, समोर मेथीची थैली. म्हणे, "काकू, तुम्ही? आत्ताच गेली होती, पाच मिनिटं. सगळे झोपले होते."
मी म्हटलं, अकराच्या अकरा डोळे उघडे ठेवून झोपतात का तुझ्याकडे? शिस्त मोठी आहे.
पोट्टीले उचलून आणली. रस्ताभर माझ्या खांद्यावर लाळ गळत होती तिची.

११ नोव्हें., मंगळवार
सून घरी राहिली. आधी रडली. मग म्हणे, "आई, मेरा प्रोबेशन चल रहा है, अभी छुट्टी ली तो कन्फर्म नहीं करेंगे. आप रख लीजिए न, थोड़े दिन." मी उठून कपडे वाळत घालायले गेली.
विजू वैशालीकडे जाऊन आला. तिनं चहा पाजला, हात जोडले, तर हा पाघळला. आता नाही होणार असं, आपलीच आहे, म्हणे. तिच्या चहात काय असते कोण जाणे, आमच्या घरचा बैल पिऊन गाय होऊन आला.
परवापासून पुन्हा तिथंच पाठवायचं. मले कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तं मी काय म्हटलं असतं, तेही

१३ नोव्हें., गुरुवार
वैशालीच्या दारासमोर, तिच्याच आवाराच्या भिंतीले लागून, भागवत इस्त्रीवाल्याचा ठेला आहे, निंबाखाली. तिथं जाऊन बसली. गुडघ्याचं सांगितलं, त्यानं स्टूल दिला. विचारलं, ही रोज जाते काय असं?
"हव दाई, रोजेच जाथे. तारा लगाथे अउ जाथे." कुलूप लावते अन् रोजच जाते, म्हणे.
मग कोणाले सांगितलं काहून नाही?
"मोर ठेला ओखरेच दीवार मा हे, दाई." भिंत तिची, बोलला तं ठेला उठेल.
विजूपेक्षा सरळ माणूस. घाबरतो, पण घाबरतो म्हणून सांगतो तरी.
कुलूप १२.३५. उघडलं १.२०. वेळ भागवतच्या मोबाइलवरची.

१४ नोव्हें., शुक्रवार
बालदिवस. सकाळी फुगे, कागदाच्या टोप्या, फोटो. ग्रुपवर आले. सून मले दाखवून राहिली, "देखिए आई, कितनी खुश है." फोटोत मिष्टूच्या गालावर रंगाचं फुलपाखरू, डोळे मेलेल्या मासोळीचे.
कु. १२.५०. उघ. २.०५.
फोटो घेतल्यावर लेकरांचं काम संपलं.

१७, सोम.
कु. १२.३०. उघ. १.१५. आज भाजी नाही, पार्लरमधून आली. भुवया.

१८, मंगळ.
कुलूप नाही. दिवसभर घरीच होती. खोटं लिहायचं नाही.

१९ नोव्हें., बुधवार
कु. १२.४०. एकच्या सुमारास आत काहीतरी धाडकन पडलं. मग एकच पोरगं केकाटलं, बाकीचे एकदम चूप. भागवतनं इस्त्री उभी केली. आम्ही दोघं दाराशी गेलो, फटीतून काही दिसेना, पलंग आडवा आलेला. भागवतनं कुलूप ओढून पाहिलं. तोडायची हिंमत त्याची नाही झाली, माझी पण नाही. विजूले फोन लावला, उचलला नाही.
परत स्टुलावर बसली.
उघ. १.३०.
संध्याकाळी गल्लीतली शुक्लाची बायको भेटली, पोराच्या कपाळावर पट्टी, तीन टाके. "खेलते-खेलते गिर गया, अम्मा." मी विचारलं, गिरा तब उठाया किसने? सांगितलं तिले सगळं. हेही सांगितलं की मी बाहेर बसून होती. ती म्हणे, "आप बैठी रहीं?"
हो. बसून होती. वेळ लिहून राहिली होती.

२० नोव्हें., गुरुवार
ऑटो करून लेकरांच्या तक्रारीच्या ऑफिसात गेली. घरी सांगितलं, डोळे दाखवायचे आहेत. तिथं एक मॅडम, विजूहून लहान. विचारते, "माताजी, वीडियो है?" माझ्याजवळ बटनाचा फोन. म्हटलं, वही आहे. उलटून पाहिली. मराठी वाचता येईना, तारखा अन् आकडे वाचता आले. बोट फिरवत गेली, मग सरळ होऊन बसली. "ये आपने रोज़ लिखा है? वहीं बैठकर?" हिंदीत अर्ज तिनंच लिहिला. मी सही केली, चौथीपर्यंतची सही. नाव कोणाले सांगणार नाही, म्हणे.

२२ नोव्हें., शनिवार
काल तपासणी झाली. ऑफिसवाले आधी फोन करून आले. पाहुणे पण एवढं कळवून येत नाहीत. वैशालीनं नणंद अन् नणंदेची जाऊ आणून बसवल्या, कामावरच्या बाया म्हणून, ही ताई, ती ताई. भिंतीवर नवीन अआइई. उंच खुर्ची गायब. भागवतले विचारलं तं तो म्हणाला, मी तं कपड्यांकडे पाहतो साहेब.
अन् माझं नाव आज सकाळी अख्ख्या पाऱ्याले, गल्लीगल्लीत माहीत.

२४ नोव्हें., सोमवार
भजनाले गेली. सतरंजीवर कोणी सरकून जागा दिली नाही. वैशाली मधात बसून डोळे पुसत होती, नव्या भुवया ठीक दिसत होत्या. कुळकर्णीबाई म्हणे, "आपल्या बाईले हिंदीवाल्यांच्या ऑफिसात नेऊन उभी केली तुम्ही."
मी म्हटलं, आपल्या बाईनं आपलं लेकरू पट्ट्यानं बांधलं होतं. त्यासाठी कोणत्या भाषेचं ऑफिस असते ते सांगा, तिथं जाते.
टाळ कोणी वाजवले नाहीत. मीच उठली.
वैशालीनं मिष्टूचं नाव कापलं. सून ऑफिसातून आली, चप्पल न काढता उभ्यानं बोलली, "अब आप ही संभालिए, आई." विजू आत जाऊन बसला.

२५, मंगळ.
मिष्टू माझ्याजवळ. जिथं ठेवली तिथं बसते. उठ म्हटलं की उठते. पाणी पाहिजे का म्हटलं तं आधी माझ्या हाताकडे पाहते, मग मान हलवते. वाटी सांडली तं स्वतःच दोन्ही हात वर करून कान झाकले. मी काही म्हटलंही नव्हतं.
असं गुणी लेकरू कोणाचंच नाही या गल्लीत. त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.
गुडघे गेले.

२७ नोव्हें., गुरुवार
हे लिहू नाही असं वाटते. पण बाकी सगळं लिहिलं.
एकले मिष्टू झोपली. माझी बीपीची गोळी परवापासून संपलेली, डोकं गरगरून राहिलं होतं. दवाईचं दुकान कोपऱ्यावर. तिले उचललं तं जागी होईल, मग संध्याकाळपर्यंत मरण माझं. बाहेरून कुलूप लावलं अन् गेली.
दुकानात दोन माणसं समोर. गोळी घेतली. निघाली तं कुळकर्णीबाई. सरळ आली असती तं झालं असतं. नाही आली. तिले धरून उभी राहिली, वैशाली कशी कुलूप लावून जाते, किती वेळ जाते, तारीखवार सांगितलं. जोरात सांगितलं, दुकानदारानं पण ऐकलं. मले बरं वाटून राहिलं होतं.
कु. १.०५. उघ. १.४५.
दार उघडलं तं दाराशीच बसली होती, हात मांडीवर. चड्डी भरलेली. रडत नव्हती. कधी उठली, रडून चूप झाली का रडलीच नाही, ते विचारायची सोय नाही, ती सांगत नाही. गॅस बंद होता. मी जाताना पाहिलं नव्हतं, आल्यावर पाहिलं.
धुतलं, कपडे बदलले. सुनेले सांगितलं नाही.

२९ नोव्हें., शनिवार
ऑफिसच्या मॅडमचा फोन. शुक्लाच्या बायकोनं पण अर्ज दिला, टाक्यांचा कागद लावून. आता सोमवारी सगळ्यांना बोलावलं आहे. पण वैशालीचा वकील म्हणतो, पोरगं खेळताना पडलं, अन् म्हातारीनं वही घरी बसून मागून लिहिली, भजनातल्या कुठल्याशा जुन्या भांडणापायी. भागवत बोलणार नाही. तेव्हा मॅडमले वही पाहिजे. पूर्ण. मराठी वाचणारा माणूस बसवणार, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार, सगळ्यांसमोर. "आपकी डायरी पर ही पूरा मामला टिका है, माताजी."
विजू म्हणे, कामाच्या पानांची झेरॉक्स देऊ. लगेच फोन लावला. मॅडम नाही म्हणे, थोडी पानं दिली तं वकील म्हणेल बाकीची काहून लपवली.
विजूनं मग विचारलं, वहीत आणखी काय आहे? मी म्हटलं, तुझं जेवण.

३० नोव्हें., रविवार
सून सकाळी जवळ येऊन बसली, आठवड्यानंतर. म्हणे, आई, मी त्या दिवशी चुकीचं बोलली, तुमच्यामुळे कळलं तरी, नाहीतर मी तिथंच पाठवत राहिली असती. मिष्टूचे केस विंचरून राहिली होती. "आपके पास है तो मुझे ऑफिस में टेंशन नहीं रहता." तिले मराठी वाचता येत नाही. उद्या तिनं अर्धी रजा घेतली आहे, माझ्याबरोबर येणार, बाजूले बसणार, अन् तो माणूस हिंदीत वाचून दाखवणार.
सत्तावीसचं पान वाचलं की वकील उठून उभा राहणार. मी असती तं मी पण राहिली असती. झूलाघर मंगळवारपासून पुन्हा पहिल्यासारखं, बाकीची लेकरं आत, खुर्ची परत.
दुपारी ते पान काढायले घेतलं. मधात दोन पिना मारलेली वही. अख्खा कागद एक आहे, अर्ध्यावर सत्तावीस, दुसऱ्या अर्ध्यावर एकोणीस. एक फाडलं तं दुसरं सुटून हातात येते. शुक्लाच्या पोराचं पान.
सून स्वयंपाकघरातून विचारून राहिली, उद्या किती वाजता निघायचं. अकराले, म्हटलं.
दोन्ही पिना चाकूनं वर केल्या आहेत. कागद अजून वहीतच आहे.