अनेझ्काचे ऐंशी एकर

ब्राउनश्वाइग, रविवार

प्रिय दादा,

फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि मग वहिनी तुझ्या हातून फोन काढून घेते, म्हणून हे पत्र. ईमेल तू गाडी चालवताना वाचतोस. हे तुला बसून वाचावं लागेल.

मी इथे नक्की करते काय, असं तू नेहमी विचारतोस. ‘चेक भाषा शिकून कुठला चेक वठणार आहे तुझा?’ हा तुझा विनोद तीन वर्षं ऐकतेय. पहिल्यांदा मीही हसले होते. तर आज सांगतेच. माझी पीएचडी एका चेक शेतकरी कुटुंबावर आहे, हावरानेक त्यांचं नाव. दीडशे वर्षांपूर्वी ते बोहेमियातलं खेडं सोडून बोटीनं अमेरिकेला, नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात गेले. त्यांच्या मुलीची, अनेझ्काची, पत्रं इथल्या संग्रहात आहेत, कारण तिची मावशी इथल्या साखर कारखान्यात बीट धुवायच्या कामाला आली आणि इथेच राहिली. भाची तिला चाळीस वर्षं लिहीत होती. अक्षर असं, की पहिल्या पत्राची चार पानं लावायला मला दोन महिने लागले.

तिकडे सरकारनं त्यांना एकशेसाठ एकर दिले. पाच वर्षं जमीन कसा, मग ती तुमची. पण झाड औषधालाही नाही. घराला लाकूड कुठून आणणार? गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली मातीच विटांसारखी कापली आणि भिंती रचल्या. जेवताना छतातली माती ताटात पडायची. तिसऱ्या वर्षी टोळ आले. त्यांनी मका खाल्ला, जमिनीतले कांदे खाल्ले, दोरीवर वाळत घातलेला आईचा परकरसुद्धा खाल्ला. चौथ्या वर्षी विहीर खणताना दरड कोसळून वडील गेले. थोरला भाऊ फ्रान्तिशेक म्हणाला, इथे काही राम नाही, आणि रेल्वेच्या कामावर निघून गेला. अनेझ्का तेव्हा सोळा वर्षांची.

तिनं नांगर धरला. ‘शेजारी बघायला येतात,’ ती लिहिते, ‘पोरीनं बैल हाकलेले त्यांना बघवत नाहीत आणि बघितल्यावाचून राहवतही नाही.’ वडील जिथे गेले त्याच विहिरीत ती स्वतः उतरली. आई वरून बादली ओढायची. सात आठवड्यांनी पाणी लागलं. त्या दिवसाचं पत्र तीन ओळींचं आहे: ‘पाणी लागलं. जरा कडवट आहे. पण आता कुणाकडे मागायला नको.’ दादा, ते वाचून मी वाचनालयातून उठून बाहेर गेले. समोर ट्राम येत-जात होत्या आणि मी वेड्यासारखी रडत होते.

एकोणीस वर्षांनी आई वारली. महिन्याभरात फ्रान्तिशेक आला, कागद घेऊन. ‘अनेझ्का, सही कर. तू एकटी, तुला जमिनीचा व्याप कशाला? माझ्या घरात तुझी खोली कायम असेल.’ कागद इंग्रजीत होता, तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती तो घेऊन गावच्या मास्तरांकडे गेली. त्यांनी वाचून दाखवलं: मी माझा हिस्सा भावाला प्रेमापोटी, राजीखुशीनं, काहीही न घेता देत आहे. तिनं मावशीला लिहिलं, ‘प्रेम होतंच गं. पण ते त्यानं परस्पर लिहून आणलं.’ तिनं सही केली नाही. ती कोर्टात गेली. जे शेजारी तिला बघायला यायचे, तेच साक्षीला उभे राहिले. ऐंशी एकर तिच्या नावावर झाले, उरलेले ऐंशी भावाच्या. चर्चमध्ये बायका तिच्या शेजारी बसेनात. भावाचं घर फोडलं म्हणाल्या, हावरट म्हणाल्या. भाऊ नऊ वर्षं बोलला नाही.

दहाव्या वर्षी ऐन कापणीत त्याचा पाय मोडला. अनेझ्कानं आधी त्याचा गहू कापला, मग स्वतःचा. आभार वगैरे त्यानं मानले नाहीत. पण पाय बरा झाल्यावर तिच्या बाजूच्या कुंपणाचे खांब त्यानं न सांगता ठोकून दिले. हा माणूस मला आवडतो, दादा. उशिरा का होईना, त्याला कळलं.

आता आपल्या प्रभाआत्याची आठवण काढते. आजोबा गेल्यावर तिनं निमूट सही केली. सगळ्यांनी कौतुक केलं, साडी नेसवली. पुढे दर हंगामात ती सासवडला आली की अंजिराच्या बागेच्या कडेला उभी राहून आईला विचारायची, ‘दोन तोडून घेऊ का गं, वहिनी?’ ज्या झाडांना तिनं लहानपणी खांद्यावरून पाणी घातलं, त्या झाडांची! आई रागवायची, अहो वन्सं, विचारता काय? पण आत्या पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची. मी दहा वर्षांची होते, तू पंधराचा. तूही तिथेच असायचास. तुला कधीच काही वाटलं नाही?

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. बाबांच्या माघारी माझ्या वाट्याला आलेल्या जमिनीचं हक्कसोडपत्र, त्यासाठीचं मुखत्यारपत्र, सहीच्या जागी चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, आणि हॅम्बुर्गच्या वाणिज्य दूतावासात तू माझ्या नावानं परस्पर घेतलेली गुरुवारची वेळ. मी गेले नाही. जाणारही नाही. जमीन मला विकायची नाही, बाग तूच बघ. पण सातबाऱ्यावर माझं नाव राहणार. तू चिठ्ठीत लिहिलंस, ‘आईनं केलीय, आता तुझीच सही राहिली.’ म्हणून मी आईला फोन केला. ती म्हणाली, ‘देवदत्त म्हणाला पेन्शनच्या कामाचं आहे, म्हणून केली. चष्मा घरीच राहिला होता.’ मी तिला सगळं समजावून सांगितलं.  ती म्हणाली, ‘ती बाग इतकी वर्षं मी जगवलीय. तुझ्या बाबांनी नाही, देवदत्तनं नाही, मी.’ परवा सकाळी ती स्वतः तलाठ्याकडे जाऊन नोंदीवर हरकत देऊन आली. या वेळी कागद दोनदा वाचून सही केली, चष्मा लावून. आणि ती एवढ्या लांब कशी गेली असेल, असं तुझ्या मनात येईल, तर तेही माझ्याकडूनच ऐक. तिला स्कूटरवरून वहिनीनं नेलं.

तुझीच,
वल्लरी